मिशीची पैज

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात अख्ख्या मेहरूण गावाला शेअरबाजाराचं वेड लागलं. तोतारामकडे एकही शेअर नव्हता, पण निर्देशांक वर जाणार यावर तो शकीलच्या सलूनमध्ये रोज चहाची पैज लावायचा आणि जिंकायचा. आठव्या सकाळी तोंडातून निघून गेलं, "आज पडला तर मिशी उतरवीन!" मग दिवसभर त्याचा पाय एका जागी ठरेना, चारदा येऊन रेडिओला कान लावून गेला. सातच्या बातम्यांत कळलं, निर्देशांक कोसळला. शकील वस्तरा धरून घुटमळला. "भाऊ, चहाच पाजा. तुमच्यात बाप गेल्यावरच मिशी काढतात ना? आबा तर खणखणीत आहेत." "मर्दाचा शब्द आहे. चालव!" दोन फटक्यांत ओठ उघडा पडला. तेवढ्यात दाढीला आलेल्या आबांनी पडदा सारला. काठी टेकून ते लेकाचा चेहरा आरशात पाहत राहिले. मग म्हणाले, "तोत्या, मी कधी गेलो रे?"