नाव घेतली, नाव घे

"साहेब कुठं हायत?" नव्या होडीवर हात ठेवून आनंदा विचारत होता.

किशोरीनं रस्त्याकडे पाहिलं. पनवेलच्या फ्लॅटमधलं सामान टेम्पोतून उतरवून झालं होतं. शैलेशची आरामखुर्ची तेवढी अजून दाराबाहेरच होती. "मागून येतायत," ती म्हणाली.

खोटं बोलायचं असं ठरवून ती गव्हाणला आली नव्हती. शैलेश गेला त्याला धड दोन महिनेही झाले नव्हते. खाडीकाठचं हे घर त्यानं हट्टानं घेतलं, आनंदाकडून शिडाची होडी बांधून घेतली, आणि रंगाचा शेवटचा हात बाकी असताना एका सकाळी दाढी करता करता कोसळला. पुढचं सगळं किशोरीनं आनंदाशी फोनवर बोलून घेतलं. हे एवढं सांगायचं मात्र तिला कधी जमलंच नाही. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर टिकली होती. काढायची नाही, असं लेकीनंच बजावलं होतं, आणि पनवेलच्या सोसायटीत त्याचं कुणाला काही वाटलंही नव्हतं.

आता सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तोच तिला सोनाबाई दिसली. आनंदाची म्हातारी आई. सगळ्या बायका होडीभोवती गोळा झालेल्या, आणि ही एकटी लांब, जाळ्यांच्या ढिगापाशी, रिकाम्या कपाळानं उभी. होडी तिच्याच अंगणात बांधली गेली होती, पण नवरा गेलेली बाई होडीच्या पूजेला जवळ येत नाही, असा त्या घरचा रिवाज. किशोरीनं तोंड मिटलं. खरं सांगितलं तर आनंदाची बायको हौसा पूजेचं ताट तिच्या हातातून काढून घेईल. अगदी मायेनं काढून घेईल. आणि शैलेशचा एक हट्ट कायमचा राहून जाईल.

हट्ट तसा पोरकटच. दोघांचं लग्न रजिस्टर झालेलं, त्यामुळे उखाण्याची भानगडच नव्हती. किशोरी त्याला दिवसातून शंभरदा नावानं हाक मारायची. शैलेश, दूध उतू चाललंय. शैलेश, ओला टॉवेल उचल. पण ते काही नाव घेणं नव्हे, असं त्याचं म्हणणं. होडी ठरवून आला त्या दिवशी तो दारातूनच ओरडला, "मी नाव घेतली, आता तू नाव घे!" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसत बसला. मग स्वतःचं नाव घालून उखाणाही त्यानंच रचला. होडी पाण्यात जाईल त्या दिवशी चारचौघींत घेईन, असं किशोरीनं कबूल केलं ते त्याचं तोंड बंद करायला.

"भरती वाट नाय बघनार, वयनी," आनंदा म्हणाला.

"मग करू या सुरू."

तिनं होडीच्या टोकाला कुंकू लावलं, हार घातला, ओवाळलं. नारळ उचलला तशी हौसानं तिचा हात धरला.

"असा नाय! आदी नाव घ्या."

"घ्या, घ्या!" बायका ओरडल्या.

किशोरी पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

"खाडीच्या भरतीवर सोडली नवी नाव, शैलेश..."

शैलेशसोबत आले मी, गव्हाण माझं गाव. एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्यातलं 'सोबत' काही केल्या म्हणवेना.

"शैलेश!" ती पुन्हा म्हणाली. जरा मोठ्यानं.

बायका खो-खो हसल्या. "लाजली! वयनी लाजली!" हौसानं टाळ्या पिटल्या. "ऱ्हाऊ द्या, नाव तर आलं!" नारळ फुटला, माणसांनी होडीला खांदा लावला आणि ती पाण्यावर डुलायला लागली. पेढे वाटत बायका घराकडे वळल्या.

आनंदा होडीत चढला. शिडाची दोरी हातात धरून तो थांबला. "पैली फेरी मालकाची. साहेब येतात तवर थांबतो. पन पानी उतराय लागलं का होडी चिखलात बसंल."

किशोरी रस्त्याकडे बघत राहिली. खरं तर तीही वाटच बघत होती. तो आत्ता वळणावरून येईल, उशीर झाला म्हणून टेम्पोवाल्याला शिव्या घालेल, असं तिला वाटत होतं. आपणच मारलेल्या थापेवर तिचा विश्वास बसत चालला होता.

"कवा गेले?"

सोनाबाई तिच्या शेजारी येऊन उभी होती. किशोरी दचकली. "तुम्हाला... कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? त्या पोरी बोलतात लाजली. लाजली कुटं?" सोनाबाई हळूच म्हणाली. "तू नाव नाय घेतलंस, बाय. तू हाक मारलीस."

आतून जे वर आलं ते किशोरीनं ओठ दाबून धरायचा प्रयत्न केला, पण धरवलं नाही. सोनाबाईनं तिच्या हातातलं ताट आपल्या हातात घेतलं आणि तिला रडू दिलं.

"आये, साहेब दिसतात का गो?" आनंदानं होडीतून विचारलं.

"आले रं," सोनाबाई म्हणाली. "सोड होडी."

आनंदानं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग आईच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. त्यानं किशोरीला हात दिला. ती होडीत चढली आणि फळीवर एका कडेला सरकून बसली.