सुजेचं निमित्त

निनादनं लग्नानंतर स्वतःच्या हौसेनं कमरेला परस्त्रीसंग रोखणारा संयमपट्टा चढवला होता. त्याचं कुलूप फक्त बायकोच्या, शर्वाणीच्या आवाजानं उघडायचं. ती मंगळावरच्या तळावर गेल्यापासून आंघोळ किंवा डॉक्टर असं कारण कळवलं, की ती तिथून कुलूप उघडायची.

त्या दुपारी त्यानं कळवलं, "सूज आलीय, फार दुखतंय."

खरं तर ऑफिसातली ईशा घरी येणार होती.

बऱ्याच वेळानं शर्वाणीचा रडवेला आवाज आला. "उघड! अरे, इतकं सोसत का बसलास? आता घालूच नकोस तो. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

पट्टा गळून पडला. निनादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ईशाला येऊ नको म्हणून सांगितलं आणि मंगळाकडे निरोप धाडला, "शर्वाणी, सूज नव्हती. खोटं बोललो मी."

निरोप पोचायला वेळ लागणार होता. तोवर ती बिचारी त्याच्या काळजीतच असणार होती.