फिल्टरचा नट

एकाहत्तरच्या डिसेंबरात जबलपूरच्या फॅक्टरीत जुन्या फौजी जीपा दुरुस्तीला रांगेनं उभ्या होत्या आणि मुरलीधर सकाळपासून एकाच नटाशी झुंजत होता. पेट्रोलचा फिल्टर बदलायचा, काम खरं तर दहा मिनिटांचं. पण नट ढिम्म हलेना. तिसऱ्यांदा पाना सटकला, बोटं सोलली, तसा त्याचा पारा चढला.

"कोन्या गाढवानं कसला हा? सगळ्याच गाड्यांचं हेच. काहून एवढा जोर लावला असंल?"

शेजारच्या जीपखालून म्हातारे फिटर भाऊराव बाहेर आले. "तो गाढव मीच. पासष्टच्या लढाईत या गाड्या नव्या बनून राहिल्या होत्या, तवा मीच होतो या कामावर. धाकटा भाऊ फौजेत डायवर. कोनती गाडी त्याच्या हाती लागंल, काय मालूम? वाटेत नट ढिला होऊन पेट्रोल गळलं तं? मंग सगळ्याच गाड्यांचे नट कसून राहिलो होतो."

मुरलीधर वरमला. "मंग यातली एखादी लागली का त्याच्या हाती, दादा?"

"नाही ना. त्याच्या पलटणीपर्यंत या नव्या गाड्या पोचल्याच नाहीत."

मुरलीधरनं कसाबसा नट सोडवला, नवा फिल्टर बसवला, बेतानं आवळला आणि पाना पेटीत टाकला. पुढच्या जीपकडे निघाला, पण दोन पावलांवर थांबला. मग परत येऊन त्यानं अंगातला सगळा जोर लावून तोच नट पुन्हा आवळला.