एक जोड शिल्लक

“सगळे आले का?” असं पहारेकरी कधी कोणाला विचारत नसे. तो मोजत असे. आधी खिळ्यांवरची टोकनं, मग मांडणीवरच्या चपला.

गुहा राष्ट्रीय उद्यानाच्या टोकाला, समुद्राच्या अंगाला होती. आत वाळू, गुडघाभर पाणी आणि शेवटी पोहायला डोह. जाताना पितळी टोकन न्यायचं, चपला बाहेर काढायच्या, येताना टोकन परत द्यायचं. भरतीला पाणी थेट छताला टेकायचं, म्हणून त्याआधी तोंडाच्या लोखंडी जाळीला कुलूप. फळ्यावर खडूने लिहिलं होतं: आजची भरती, तीन वाजता.

चपला मोजणं नियमात नव्हतं. बायको चिडवायची, “तुम्ही माणसं राखता की चपला?” तो हसण्यावारी न्यायचा. तिलाही त्याने सगळं सांगितलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी कॉलेजची पोरं आली होती. त्यातल्या एकाने सगळ्यांची टोकनं आतच गोळा करून एकदम आणून दिली. अकरा गेली होती, अकरा आली. मांडणीच्या खालच्या कप्प्यात निळ्या बुटांचा जोड तेवढा राहिला होता. विसरलं असेल कोणी, म्हणून त्याने तो सापडलेल्या वस्तूंच्या पेटीत टाकला. सवयीने चिठ्ठी बांधली: तारीख, वेळ, खालचा कप्पा. मग कुलूप लावून चहाला गेला. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला मिळाला.

चौकशीत त्याने मान खाली घालून एकच वाक्य सांगितलं होतं. “टोकनं सगळी आली होती. आत कोणी नव्हतं.” बुटांचं कोणी विचारलं नाही, त्याने काढलं नाही. ते मागाहून, चिठ्ठीसकट, मुलाच्या सामानाबरोबर त्याच्या घरी गेले. नोकरी वाचली, पण मन काही ताळ्यावर आलं नाही.

आज गर्दी बेताची होती. सहलीच्या बसमधले सोळा आणि एक साठीतलं जोडपं. गृहस्थांनी नियमांचा फलक शाळेतल्या धड्यासारखा दोनदा वाचला.

“पाणी चढायला किती वेळ लागतो?” त्यांनी विचारलं.

“एकदा सुरू झालं की अर्धा तास. मग माणसाचं काही चालत नाही.”

बाईंनी चपला काढल्या. वरचे कप्पे रिकामे असताना गुडघ्यावर हात टेकून त्या खाली वाकल्या आणि चपला अगदी खाली ठेवल्या.

“पोहता येतं का बाई?”

“नाही हो. आमच्याकडे ती हौस मुलाला. तो आधी येऊन गेलाय इथे.”

“मग त्यालाच आणायचं की, वाट दाखवायला.”

“वाट त्यानेच दाखवली,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

अडीचला बसवाले एकदम बाहेर आले. ओले टॉवेल डोक्यावर, एकच गलका, टोकनं घ्यायला दोन हात पुरेनात. गृहस्थ सगळ्यांत शेवटी आले. दोन टोकनं त्यांनीच दिली. “ती गेली पुढे, कपडे बदलायला.”

बस निघून गेली. खिळे सगळे भरले होते. पहारेकऱ्याने कुलूप उचललं आणि मांडणीकडे पाहिलं.

खालच्या कप्प्यात एक जोड होता.

“बाई अनवाणी गेल्या?” त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

गृहस्थ झाडांमागच्या खोलीकडे गेले आणि धापा टाकत परतले. “तिथे नाही. मला वाटलं गर्दीत पुढे असेल. डोह एकदा बघायचाय, असं सारखं म्हणत होती.”

पावणेतीन झाले होते. पाणी उंबऱ्याच्या दगडाला लागलं होतं. भोंगा वाजवला तरी मदतीची बोट यायला अर्धा तास. त्याने भोंगा वाजवलाच नाही. कुलूप किल्लीसकट कडीला अडकवलं, दिवा घेतला.

“जाळी उघडीच राहू द्या साहेब. मी आणतो त्यांना.”

“तुम्ही जा,” गृहस्थ म्हणाले.

तो पाणी कापत निघाला. छत खाली आलं होतं तिथे रांगत गेला, कपाळ फुटलं, त्याने पर्वा केली नाही. या खेपेला तरी, या खेपेला तरी, एवढंच तो पुटपुटत होता. डोहाशी त्याने हाका मारल्या. दिवा फिरवला. बुडी मारून तळाची वाळू हातांनी चाचपली. दोनदा, तीनदा. बाई कुठेच नव्हत्या.

पाणी छातीला लागलं तेव्हा तो रडत मागे फिरला. त्या बुटक्या छताखालून नाक तेवढं वर काढून आला. समोर जाळीचा उजेड दिसला आणि त्या उजेडात, गृहस्थांच्या शेजारी, बाई उभ्या होत्या. डोक्यावर टॉवेल, अनवाणी.

त्याचा जीव भांड्यात पडला. “बाई, सापडलात! कुठे होतात?” तो हसला आणि त्याने जाळी ढकलली.

जाळी हलली नाही. कुलूप लागलेलं होतं.

“साहेब, किल्ली. लवकर. पाणी चढतंय.”

बाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. खालच्या कप्प्यातून चपला काढून त्यांनी सावकाश पायांत घातल्या. गृहस्थांनी खिळ्यांवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

“टोकनं सगळी आली आहेत,” ते बायकोला म्हणाले. “आत कोणी नाही.”