काळजिभी
गेल्या साली कापूस वेचताना हिरवं बोंड फोडून मी सहज बोलली, "अळी हाय वं आत." महिन्यात सारं वावर किडलं, अन् बायांनी अळी सोडून मलेच धरलं. माह्या जिभीवर काळे ठिपके हायत ना! काळजिभी बोलली का वाईट होतेच म्हणे. मले वेचणीले बोलावणं बंद झालं. नवऱ्याले वाटलं कॅन्सर असन, म्हणून त्यानं यवतमाळले नेलं. डॉक्टरीणबाईनं जीभ पुसून पाहिली, ठिपके कधीपासून आहेत विचारलं. "जन्मापासून," मी म्हटलं. ती हसली. "मावशी, अंगावर तीळ असतो ना, तसंच हे. औषध लागत नाही." गावात येऊन हे सांगितलं, पण कोणाले पटलं नाही. यंदा माणसं कमी पडली, तवा मुकादमीण घरी आली. "सीतादहीले येजो, पण तोंडाले दुपट्टा बांधून. एक शब्द नको." बांधला. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादहीचा दहीभात शिंपला, सगळ्या बाया ओळीनं लागल्या. थोड्याच वेळात माह्या हाती बारीक छिद्राचं बोंड आलं. फोडलं, तर आत तेच वळवळून राह्यलं होतं. गप राह्यली तर वावर जाते, बोलली तर पुन्हा माहीच वेचणी बंद. मी दुपट्टा सोडला. साऱ्या बायांपुढं जीभ पुरी बाहेर काढली, अन् मंग अळी तळहातावर घेऊन मुकादमिणीच्या डोळ्यापुढं धरली. "पाहून घे नीट. माही जीभ काळी हाय. कापूस खाणारी गुलाबी हाय."