गाव थांबवणारी

ठक्. ठक्.

सारं गाव गप्प असताना मुसळाचा तो आवाज उठला. माळावरच्या गाडीत साहेबांनी कपाळाला आठी घातली आणि वायरलेसवर सुरुंग थांबवायला सांगितलं. गाडीपाशी उभ्या हेमलाने आवाज ओळखला. तिच्याच घरातला होता.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात भूगर्भवाले मानोऱ्याकडच्या या गावात आले होते. मैलभर वायर, वायरीला जमिनीत रोवलेले डबे. गाव त्यांना 'कानं' म्हणे. कारंज्याच्या बाजूला सुरुंग उडणार, त्याचा हादरा धरणीच्या पोटात जाऊन परतणार, तो ही कानं ऐकणार. गावात उखळ वाजलं तरी हादरा टिपणारा कागद बिघडणार. "गाव मी थांबवतो," असं सातवी शिकलेली हेमला बोलून बसली. पुंजाजी पाटील हसला होता, "तुह्या सांगण्यानं गिरनी थांबते काय?"

ती दारोदार फिरली. गिरणी थांबली. बैल दूर रानात गेले. आता सुरुंग एकच उरला होता. आज हुकलं की गाडी पुढच्या मुक्कामाला.

हेमला धावत बौद्धवाड्यातल्या घरी आली. सासू भागिरथा मिरच्या कांडत होती.

"आत्याबाई, गप राहाचं सांगतलं होतं ना तुमाले?"

"मंग? बोलली काय मी एक तरी शब्द?"

हेमलाला रागातही हसू फुटलं. तिने मुसळ काढून घेतलं, सहा वर्षांच्या विजूला मांडीवर ओढलं आणि तिथंच बसली. पाखराला ऐकू जाणार नाही असा श्वास घेत.

दूरवर सुरुंग उडाला. घटकाभराने साहेबांनी गाडीपाशी कागद उलगडला. गाव भोवती गोळा झालं.

"हा हादरा पस्तीस-चाळीस किलोमीटर खाली जाऊन आलाय. दूर समुद्रात एक बेट अजून आग ओकतं. त्याच्याही पोटातलं असंच ऐकायचं आणि याच्याशी ताडून बघायचं. आपला काळा दगड त्याच आगीतला असावा. गावठाण म्हणा, बौद्धवाडा म्हणा, खाली सगळा सलग एकच." साहेबांनी कागदावरून मान वर केली. "इतका स्वच्छ कागद या दौऱ्यात पहिलाच. गाव थांबवलं कोणी?"

"आमच्या गावची सून हाये," पुंजाजी पाटीलच पुढे होऊन म्हणाला. "देवमनची बायको."

पाटलाच्या तोंडून 'आमच्या गावची'. हेमलाची मान आपसूक ताठ झाली. डोळे भरून आले ते तिने लपवले नाहीत.

विजूने तिचा पदर ओढला.

"माय, खाली दगड एकच हाये, मंग आपली पान्याची हिर अलग काहून?"