पिवळी चिकटपट्टी

दादाने आपल्या साठीच्या समारंभासाठी मागितलेली कॅसेट कुंदाने कपाटातून काढली. वरच्या दोन भोकांवरची चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण सुटली नव्हती.

विकतच्या कॅसेटवर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून ती भोकं असतात. तीस वर्षांपूर्वी दादाने ती बुजवली आणि आपल्या आवाजातलं नाट्यगीत भरलं. त्याखाली पुसला गेला एका इंग्रज बँडचा पहिलावहिला अल्बम. गिरणीच्या गावातली ती चार पोरं अशी गायची, की उद्या जग आपलंच आहे. विशीतल्या कुंदालाही तसंच वाटायचं. ती रडली तेव्हा दादा हसला होता, “गोऱ्या पोरांची बोंबाबोंब ती! काय बिघडलं एवढं?”

त्या नाट्यगीताची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

कुंदाने जुन्या बाजारातून तोच अल्बम शोधून आणला. दोन्ही कॅसेट दोन कप्प्यांच्या टेपरेकॉर्डरमध्ये शेजारी शेजारी लावल्या आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. नवी चिकटपट्टी लागलीच नाही.

समारंभात दादा डोळे मिटून, ताल धरायला हात उचलून बसला. आधी ड्रम धडाडले, मग गिटार कडाडली. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

“कुंदे, माझं गाणं कुठे गेलं?”

“गोऱ्या पोरांच्या खाली,” ती म्हणाली. “काय बिघडलं एवढं?”

दादाचा हात हवेतच राहिला. कुंदाने मात्र मांडीवर ताल धरला. तीस वर्षांत ती एक मात्रा विसरली नव्हती.